आवाज आपला, खाते कोणाचे?

(बडनेरा येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून आपण पोटगी, रेशन, घरातली मारहाण, बचत गटाचे कर्ज अशा विषयांवर बोललो. जेवणानंतर गाण्याचा विषय ठेवलेला पाहून दोघी-तिघींनी मला विचारले, "ताई, हे सत्र करमणुकीचे आहे काय?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः गाणारी नाही. मोर्चात आणि शिबिरात मागच्या रांगेत उभी राहून ध्रुवपद धरायचे, एवढीच माझी गाण्याशी ओळख. पण गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या गाणाऱ्या मुली माझ्याकडे येतात आणि त्यांच्या अडचणी मला फार ओळखीच्या वाटतात. कागदावर सही कोणाची, पैसा कोणाच्या खात्यात, रात्री घरी कोण आणून सोडणार, घरचे काय म्हणतील! जमिनीच्या सात-बाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून आपण भांडतो. तेच भांडण आता गाण्याचे झाले आहे. म्हणून हा विषय करमणुकीचा नाही, हक्काचा आहे.

आपल्या वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. आपण सगळ्याच जणी लहानपणी घरोघर जाऊन ती गाणी म्हणालो आहोत. शेवटी डब्यात वाजणारा खाऊ ओळखला आहे. सासू, नणंद, माहेरचा निरोप, न मिळालेली परवानगी हे सगळे त्या गाण्यांत आहे. ती गाणी कोणी रचली? आपल्याच कोणीतरी आजी-पणजीने. पण तिचे नाव काय, गाव कोणते, हे आपल्याला माहीत नाही. आपण त्याला मोठ्या कौतुकाने 'लोकगीत' म्हणतो. बाईने रचले की ते लोकांचे होते आणि पुरुषाने रचले की त्याच्या शेवटच्या ओळीत त्याचे नाव येते, याचा आपण कधी विचार केला आहे का?

जात्यावरच्या ओव्यांचेही तेच झाले असते. परंतु हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव सोबत नोंदवून ठेवले. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्यामुळे आज एखादी ओवी ऐकताना ती अमुक गावच्या अमुक बाईंनी गायली, हे आपल्याला कळते. नाव लिहून ठेवणे हे किती साधे काम आहे! पण ते कोणीतरी ठरवून करावे लागते.

भारतात ध्वनिमुद्रण नवीन आले तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गौहर जान यांनी गाणी दिली. प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्या मोठ्याने आपले नाव सांगत. तबकड्या जर्मनीत तयार होऊन यायच्या, तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे ते कळावे, म्हणून ही पद्धत होती. कारण कोणतेही असो, एका बाईने गाऊन झाल्यावर 'हे मी गायले' असे सांगितले आणि ते कायमचे उमटले. त्या काळी 'चांगल्या घरच्या' बायकांनी चारचौघांत गाणेच निषिद्ध होते. बदनामी सोसून ज्या कलावंतिणी तबकडीसमोर उभ्या राहिल्या, त्यांच्यामुळे पुढच्यांची वाट मोकळी झाली. आपल्याकडे हिराबाई बडोदेकरांनी १९२० च्या दशकात तिकीट लावून जाहीर मैफली करायला सुरुवात केली. बाईचे गाणे ऐकायचे तर कोठीवर किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात, ही रीत त्यांनी मोडली. तिकीट काढा, खुर्चीवर बसा आणि कलावंताचा मान राखून ऐका, असे त्यांनी समाजाला शिकवले.

आता आपल्या गावाकडे येऊ. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या भागातल्या बायकांना घराबाहेर गाण्याची एक जागा दिली, हे मान्य केले पाहिजे. ग्रामगीतेत महिलोन्नतीवर वेगळा अध्यायच आहे. आज अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी खेड्यांत बायकांची भजनी मंडळे आहेत. दिवसभर निंदण-वेचण करून आलेली बाई रात्री खंजिरी घेऊन बसते आणि असा काही ताल धरते की ऐकत राहावे. भजनाला जाते म्हटले की सासूही अडवत नाही. जयंतीच्या दिवसांत भीमगीतांचे कार्यक्रम होतात, कव्वालीचे मुकाबले होतात. त्यातही बायका गातात आणि समोरच्या पुरुष गायकाला सवाल घालतात. म्हणजे गाणाऱ्या बायका आपल्याकडे आज उगवलेल्या नाहीत.

पण कॅसेटच्या जमान्यातला एक अनुभव सांगते. एका खेड्यातल्या आमच्या ओळखीच्या भजनी मंडळाची कॅसेट निघाली होती. आम्ही हौसेने विकत आणली. वरच्या कागदावर पैसे घालणाऱ्या माणसाचा फोटो, खाली पेटीवाल्या गुरुजींचे नाव आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात 'आणि सहकारी महिला'. ज्या काकूंचा आवाज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत होता, त्यांना मी विचारले, "काकू, पैसे किती मिळाले?" त्या हसल्या. म्हणाल्या, "पैसे कायचे व बाई? देवाचं काम हाय म्हने. एकेक लुगडं देल्लं न जेवन देल्लं. आवाज आमचा, फोटो त्याचा!" त्या हसत होत्या, पण शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले. ते माझ्या लक्षात राहिले.

आज काय बदलले आहे? पूर्वी गाणे लोकांपर्यंत न्यायचे तर कंपनी, रेडिओ किंवा सिनेमा यांच्या दारात उभे राहावे लागे. ती दारे आजही आहेत आणि आपल्या विदर्भातल्या मुली त्यातूनही पुढे गेल्या आहेत. हिंगणघाटच्या वैशाली माडे यांनी २००९ मध्ये झी टीव्हीवरची हिंदी 'सारेगमप' स्पर्धा जिंकली. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषाल यांच्या जोडीने त्यांचा आवाज देशभर ऐकला गेला. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण स्पर्धेत एकच पहिली येते. बाकीच्या हजार जणींनी काय करायचे? त्यांच्यासाठी आता मोबाइल आहे. घरात गोधड्या टांगून आवाज घुमणार नाही अशी सोय करायची, गाणे टिपायचे आणि स्वतःच प्रसिद्ध करायचे. कोणाची परवानगी लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. नवरा गेल्यावर मुलांना जगवण्यासाठी त्या एकतारी घेऊन दारोदार गात असत. एकतारी वडिलांकडून आलेली, गाणी बाबासाहेबांची. त्यांचे गाणे मोबाइलवर टिपले गेले आणि लाखो लोकांपर्यंत पोचले. मग ठिकठिकाणच्या जयंतीला त्यांना बोलावणी येऊ लागली. कोणत्याही गुरूचा गंडा नाही, कंपनी नाही, घराणे नाही. पंजाबात जालंधरची गिनी माही वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतबाहेर भीमराव आणि रविदासांची गाणी गाऊन २०१६ मध्ये देशभर माहीत झाली. शिवी म्हणून वापरला जाणारा जातीचा शब्द तिने अभिमानाने गाण्यात घातला. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे 'माही जी' या नावाने रॅप करते आणि जंगलावरच्या आदिवासींच्या हक्कांबद्दल बोलते. मुंबईत 'वाइल्ड वाइल्ड वुमन' नावाचा मुलींचा गट आहे. प्रत्येकीने आपापल्या भाषेत रॅप करायचा, अशी त्यांची रीत. आपल्यातल्या वयस्कर मैत्रिणींना रॅप म्हणजे नुसती बडबड वाटेल. मलाही आधी तसेच वाटले. पण तालावर, दम न सोडता, समोरच्याला खडसावून विचारणे हे कव्वालीच्या सवालापासून फार लांब नाही. ऐकून पाहा.

इतके सांगून मी थांबले असते, तर ही यशाची गोष्ट झाली असती. पण मला दुसऱ्या बाजूचे सांगायचे आहे.

आपल्याच भागातली एक मुलगी. तिचे नाव-गाव मी सांगणार नाही. वय बावीस. कापूस वेचणाऱ्या बायकांवर, वेचणीच्या भावावर, सावकारावर ती वऱ्हाडीत गाणी रचते आणि चालीही स्वतःच लावते. तिने अकरा गाणी टिपून यूट्यूबवर टाकली होती. लोक ऐकत होते. पण मोबाइल भावाचा, सिमकार्ड भावाच्या नावावर, खाते त्याच्या ई-मेलवर आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक. तोवर सगळे गोडीगुलाबीने चालले होते. मग तिला एक स्थळ आले. मुलाकडच्यांनी सांगितले, गाणे बंद करावे लागेल. ती म्हणाली, मग लग्नच नको. त्या रात्री भावाने पासवर्ड बदलला आणि सगळी गाणी काढून टाकली. मारले नाही, कोंडले नाही. दोन मिनिटांत काम झाले. पोलिसात जाऊन काय सांगणार? खाते त्याचेच होते!

ती आमच्याकडे आली. आम्ही बसून तिच्या नावाचे सिमकार्ड, तिचे ई-मेल, तिचे बँकेतले खाते असे एकेक करून घेतले. दहा गाणी तिने पुन्हा म्हटली. अकरावे राहिले. त्या गाण्यात तिची आजी मध्येच दोन ओव्या म्हणत होती. दरम्यानच्या काळात आजी गेली. त्या ओव्या आता कोणाकडेच नाहीत. मुलीला सगळ्यात जास्त दुःख त्याचे आहे.

मैत्रिणींनो, स्वतंत्र गायिका असा शब्द हल्ली वर्तमानपत्रात येतो. कंपनीपासून स्वतंत्र असा त्याचा अर्थ. पण आपल्या बायकांसाठी कंपनी दूर राहिली, घरापासूनच स्वतंत्र व्हायचे आहे. गाण्याची मालकी घरातल्या पुरुषाच्या मोबाइलमध्ये असेल, तर कॅसेटवरचा 'सहकारी महिला' हा शब्द अजून तसाच आहे. फक्त तो आता दिसत नाही, इतकेच.

म्हणून थोडे रूक्ष वाटले तरी व्यवहाराचे सांगते. ज्यांच्या गटात गाणाऱ्या मुली आहेत त्यांनी लिहून घ्यावे.

गाण्यात एक मालकी नसते, अनेक असतात. शब्द रचणारीचा हक्क वेगळा, चाल लावणारीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. ध्वनिमुद्रणाचा मालक कायद्याने तो, जो ते करवून घेतो आणि त्याचा खर्च उचलतो. म्हणून कोणी 'ताई, स्टुडिओचे पैसे मी भरतो' म्हणाला, तर त्यामागे काय आहे ते समजून घ्या. जमले तर तो खर्च बचत गटातून कर्ज घेऊन स्वतः करा. म्हैस घ्यायला आपण कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो. गाण्याला द्यायला काय हरकत आहे?

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. गाणारीचा आपल्या गाण्यावरचा हक्क बळकट झाला आणि तिचे नाव लावले जावे हा तिचा अधिकार मान्य झाला. म्हणजे 'आणि सहकारी' हे आता नुसते वाईट दिसत नाही, ते कायद्याच्याही विरुद्ध जाऊ शकते. शब्द रचणारीने आणि चाल लावणारीने गाणे कंपनीला दिले, तरी रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा कंपनीला स्वतःकडे लिहून घेता येत नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी गायकांच्या रॉयल्टीसाठी 'इस्रा' ही संस्था उभी राहिली. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल तर फक्त भारतापुरते धरतात. म्हणून 'कायमचे' आणि 'जगभर' हे दोन शब्द कागदावर दिसले, की पेन खाली ठेवा आणि कोणाला तरी विचारा. कागद इंग्रजीत असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही नाही.

आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर भजन किंवा भीमगीत बसवायची पद्धत आहे. ऐकणाऱ्यांना चाल माहीत असते, गाणे पटकन धरते. त्यात कमीपणा काही नाही. पण ते यूट्यूबवर टाकले की चालीची मालक असलेली कंपनी हक्क सांगते आणि जाहिरातीचा पैसा तिकडे जातो. स्वतःची चाल बांधा. भुलाबाईच्या, ओवीच्या, दंडाराच्या चाली आपल्याच आहेत. त्या कोणाच्या मालकीच्या नाहीत आणि त्यावरून नवीन बांधायला कोणी अडवू शकत नाही.

पैशाबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. यूट्यूबच्या जाहिरातीत वाटा मिळण्यासाठी हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे, अशी साधारण अट आहे. तेवढे झाल्यावरही पहिल्या महिन्यात घर चालत नाही. शिवाय आधार कार्डावर सासरचे नाव, पॅन कार्डावर माहेरचे आणि बँकेत तिसरेच असेल, तर आलेला पैसाही अडकतो. पत्त्याची खात्री करायला टपालाने एक आकडा येतो, तो पाकिटावरच्या नावानेच येतो. ज्या मुलीचे मी सांगितले, तिच्या घरी असे पाकीट आले तेव्हा पोस्टमनने दारात तिचे नाव घेतले. तिच्या आईने ते पाकीट देवाजवळ ठेवले.

आता धोक्याचे. बाईने गाणे टाकले की खाली शिव्या येतात. गाण्याबद्दल कोणी बोलत नाही, दिसण्याबद्दल आणि चारित्र्याबद्दल बोलतात. काश्मीरमध्ये शाळकरी मुलींचा 'प्रगाश' नावाचा बँड होता. २०१३ मध्ये धमक्या आणि फतव्यानंतर त्यांना गाणे थांबवावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कबीर कला मंचाच्या शाहीर शीतल साठे गरोदर असताना विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाल्या. जूनमध्ये त्यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. पुढे त्या नवयान महाजलसा घेऊन पुन्हा गावोगावी गाऊ लागल्या. त्या मुली आणि शीतल साठे यांची परिस्थिती एकसारखी नाही. पण मागे उभे राहणारे लोक असले की बाई पुन्हा उभी राहू शकते, एवढे मला त्यातून दिसते.

आणि साधा धोका म्हणजे परतीचा प्रवास. बडनेरा जंक्शन आहे, इथून चारी दिशांना गाड्या जातात. पण रात्री अकराला कार्यक्रम संपल्यावर पेटी-ढोलकी घेऊन फलाटावर पहाटेपर्यंत बसलेल्या गाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आयोजकाने शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. घरी कशा जाणार हे कोणी विचारले नाही. शाल-श्रीफळावर चूल पेटत नाही.

इथे आपल्यालाही आरशात पाहायला हवे. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' नाटक रंगमंचावर आणले आणि त्यातली गाणी गावोगावी पोचली. तेव्हापासून गाण्याशिवाय आपले शिबिर झाले नाही. पण आपण छापलेल्या गाण्यांच्या पुस्तिका काढून पाहा. किती गाण्यांखाली रचणारीचे नाव आहे? चळवळीचे गाणे सगळ्यांचे, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण सगळ्यांचे होण्याआधी ते कोणा एकीचे होते. गाणाऱ्या मुलीला आपण बोलावतो तेव्हा मंडपवाल्याला पैसे देतो, जेवणवाल्याला देतो आणि तिला म्हणतो, 'तू तर आपलीच आहेस.' भजनी मंडळाला 'देवाचे काम' म्हणणारा तो माणूस आणि 'चळवळीचे काम' म्हणणाऱ्या आपण, यांत फरक काय राहिला?

तेव्हा माझ्या चार सूचना आहेत. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय घ्यावा. पहिली, गटातल्या प्रत्येक गाणाऱ्या मुलीचे सिम, ई-मेल आणि बँक खाते तिच्या स्वतःच्या नावावर आहे का, हे पाहावे. नसेल तर ते काम गटाने करून द्यावे. दुसरी, गाण्याच्या प्रत्येक पुस्तिकेत आणि चित्रफितीत रचणारी, चाल लावणारी आणि गाणारी यांची नावे गावासह द्यावीत. तिसरी, कार्यक्रमाच्या खर्चात मानधन आणि परतीच्या प्रवासाचे पैसे आधी धरावेत, उरले तर मंडप. चौथी, प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईची गाणी या भुलाबाईच्या आत मोबाइलवर टिपून ठेवावीत आणि तिला विचारून तिचे नाव लिहावे. ती एक प्रत दोन ठिकाणी ठेवावी. का, ते मी सांगितलेच आहे.

आता आपल्या तीन मैत्रिणी गाणार आहेत. त्यांच्या मानधनाची पाकिटे तयार आहेत, ती टाळ्यांबरोबर आपण देऊ. त्यांना माझी एकच विनंती आहे. गाणे झाले की आपले नाव आणि गाव मोठ्याने सांगा. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले पाहिजे.

माझे बोलणे संपवते.